बी पॉझिटिव्ह रक्तगट असेल तर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, रक्तगट बी पॉझिटिव्ह. ओ गट सोडून बाकीच्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर जास्त होतो असं वाचलंत. मग सीए १९-९ ही रक्ततपासणी (या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणाऱ्या एका रेणूची) करून घ्यावी का, आणि रक्तगटानुसार आहार ठेवला तर धोका कमी होईल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. संबंध खरा आहे, पण त्यावरून तुम्ही काही करावं इतका मोठा नाही. तपासणी करू नका. आहाराचं म्हणाल तर त्याचा रक्तगटाशी काही संबंध नाही.

तुम्ही वाचलेल्या आकड्याचं मूळ बहुधा २००९ सालच्या अमेरिकन अभ्यासात आहे. परिचारिका आणि इतर आरोग्य व्यावसायिक मिळून १,०७,५०३ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ३१६ जणांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. दर लाख व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस एक वर्ष पाहिला की एक व्यक्ती-वर्ष) ओ गटात २७, ए गटात ३६, एबीमध्ये ४१ आणि बीमध्ये ४६ असं प्रमाण निघालं. ओच्या तुलनेत बी गटाला १.७२ पट धोका. बातमीत याचं ‘७२ टक्के जास्त’ होतं आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हेच जरा उलगडून बघा: बी गटाची दहा हजार माणसं दहा वर्षं पाहिली तर ४६ जणांना हा कॅन्सर होईल, ओ गटाच्या तेवढ्याच माणसांत २७ जणांना. म्हणजे बी गटातल्या ९,९५४ जणांना होणार नाही. हे आकडेही अमेरिकेतले. भारतात मुळात हा आजार तिथल्यापेक्षा बराच कमी आढळतो, त्यामुळे दोन गटांमधला फरक आणखी लहान होतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा तर यात विचारच करायला नको.

असं का होत असावं? रक्तगट फक्त लाल पेशींवर असतो असा समज आहे, तो चुकीचा. नवव्या गुणसूत्रावरचं, ए-बी-ओ गट ठरवणारं एबीओ जनुक एक एन्झाइम बनवतं. हे एन्झाइम पेशीवरच्या ‘एच’ नावाच्या शर्करांच्या साखळीच्या टोकाला एक शर्करा जोडतं: ए गटात एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन, बी गटात गॅलॅक्टोज. ओ गटात बहुतेकदा जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं, तेवढ्याने एन्झाइम निकामी होतं आणि साखळी तशीच राहते. याच साखळ्या जठराच्या अस्तरावर आणि स्वादुपिंडाच्या नलिकांमध्येही असतात. शिवाय रक्तातल्या दाहाशी आणि गोठण्याशी संबंधित काही प्रथिनांची पातळी रक्तगटाप्रमाणे कमी-जास्त असते. यांतला नेमका कोणता धागा कॅन्सरपर्यंत जातो, ते अजून सिद्ध झालेलं नाही.

ओ गटवाल्यांनी फार खूश होऊ नये. ए गट आणि जठराचा कॅन्सर यांचा संबंध ब्रिटनमध्ये १९५३ सालीच नोंदला गेला होता. पुढे स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून जास्त रक्तदात्यांच्या नोंदींतही ए गटाला ओपेक्षा सुमारे २० टक्के जास्त धोका दिसला. पण त्याच नोंदींत पेप्टिक अल्सर, म्हणजे जठरातली किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीची जखम, ओ गटात जास्त निघाला.

एखाद्या रुग्णालयातल्या शंभर रुग्णांची यादी दाखवून ‘यात बी गट सर्वांत जास्त’ असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: त्या भागात बी गटाची माणसं मुळात किती? आपल्याकडे ओ आणि बी हेच दोन मोठे गट, प्रत्येकी साधारण तीस टक्क्यांच्या आसपास. मग रुग्णांतही बी जास्त दिसणारच. समाजात बी ३२ टक्के असेल, तर शंभर रुग्णांत निव्वळ योगायोगाने २३ पासून ४१ पर्यंत कुठलाही आकडा येऊ शकतो. आणि तुलनेसाठी रक्तपेढीतले दाते घेतले असतील तर आणखी घोळ, कारण ओ गटाच्या दात्यांना बोलावणं जास्त येतं.

आता सीए १९-९. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये हल्ली ही तपासणी सर्रास घुसवतात, आणि माझ्या मते निरोगी माणसाच्या बाबतीत ते पैसे वाया जातात. समजा शंभरात फक्त पाच निरोगी लोकांचा आकडा चुकून ३७ या नेहमीच्या मर्यादेच्या वर गेला, तरी दहा हजारांत पाचशे जण सीटी स्कॅनच्या रांगेत उभे राहतील, खरा रुग्ण त्यांत एखादाच. पित्तनलिकेत अडकलेला खडा, कुठल्याही कारणाने झालेली कावीळ, स्वादुपिंडाला सूज, यकृताचा सिरॉसिस, एवढंच काय तर वाढलेली साखर, यानेही आकडा चढतो.

गंमत म्हणजे रक्तगटाचा खराखुरा व्यावहारिक उपयोग इथेच आहे, पण तो गट एबीओ नाही. सीए १९-९ हा रेणू ‘लुईस’ या वेगळ्याच रक्तगटाच्या साखळीपासून बनतो. साधारण पाच ते दहा टक्के लोक लुईस-निगेटिव्ह असतात. त्यांचं शरीर हा रेणू जवळपास बनवतच नाही, त्यामुळे कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तुमच्या रक्तगटाच्या कार्डावर लुईस लिहिलेला नसतो. म्हणून लक्षणं असताना ‘सीए १९-९ नॉर्मल आहे’ म्हणून गप्प बसू नये.

रक्तगटानुसार आहाराची टोरँटोमध्ये १,४५५ जणांवर पडताळणी झाली, निकाल २०१४ साली आला. ‘ए गटाचा’ म्हणवणारा भाजीपाल्याचा आहार घेणाऱ्यांचं वजन आणि रक्तदाब बरा होता, पण तो कुठल्याही रक्तगटाच्या माणसाचा तितकाच बरा होता. भाज्या खा, कार्ड बघू नका.

धोका खरंच कमी करायचा असेल तर सिगारेट-बिडी सोडा. ती ओढल्याने हा धोका जवळपास दुप्पट होतो, म्हणजे रक्तगटापेक्षा जास्तच, आणि रक्तगट बदलता येत नाही, हे बदलता येतं. मळलेला तंबाखू आणि मिश्रीही यात धरा. धूर नाही म्हणून स्वादुपिंड सुटत नाही.

नियमित तपासणी लागते ती वेगळ्या लोकांना: आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा कॅन्सर झालेला, बीआरसीए-२ या जनुकातला आनुवंशिक दोष स्वतःत सापडलेला, किंवा आनुवंशिक स्वादुपिंडदाह असलेला. त्यांच्यासाठी एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी) असतो, तोही तज्ज्ञाच्या सल्ल्याने.

बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: न दुखता झालेली कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी आणि फिकट मातकट शौच, पोटातून पाठीत जाणारी, रात्री झोपल्यावर वाढणारी कळ, किंवा पन्नाशीनंतर घरात कुणाला नसताना अचानक लागलेला मधुमेह आणि सोबत उतरणारं वजन. यांतलं काही असेल तर साध्या सोनोग्राफीवर थांबू नका. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, पोटातल्या वायूमुळे बऱ्याचदा ते नीट दिसतच नाही, आणि रिपोर्टमध्ये तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ती ओळ डॉक्टरांना दाखवा आणि स्वादुपिंडासाठीचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) लागेल का ते विचारा. जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा) रिपोर्ट सोबत न्या, कॉन्ट्रास्ट देण्याआधी तो बहुधा मागतातच.