रेसिंगमध्ये ई८५ने स्पोर्ट्स कार पेट्रोलपेक्षा वेगवान होते का?

हो, इंजिन ई८५साठी (बहुतांश इथेनॉल आणि थोडं पेट्रोल असलेलं मिश्र इंधन) नीट ट्यून केलेलं असेल तर ताकद वाढते, टर्बो इंजिनात तर ठळकपणे. पण तेवढ्याच अंतराला इंधन साधारण एक तृतीयांश जास्त लागतं. फायदा येतो तो थंडाव्यातून. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेतं, सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड आणि दाट होते. त्यात ऑक्टेन जास्त, म्हणून नॉकिंगची (इंधन सिलिंडरमध्ये आपोआप, अवेळी पेटण्याची) भीती न बाळगता बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवता येतो आणि स्पार्क लवकर देता येतो. याची किंमत मोजावी लागते इंधनाच्या प्रमाणात: एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन सोडायचं. जुनेच इंजेक्टर आणि पंप ठेवून नुसतं ई८५ भरलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर पिस्टन जळू शकतो, हे कृपया हलक्यात घेऊ नका. लांब शर्यतीत जास्तीचं वजन किंवा जास्तीचा पिट स्टॉप धरावा लागतो, तरी ते जमतं: कॉर्वेट रेसिंगने २००८मध्ये अमेरिकन ल मान्स सिरीजमध्ये ई८५ वापरायला सुरुवात केली. फक्त एक अट: अमेरिकेत पंपावरच्या ई८५मध्ये इथेनॉल ऋतूनुसार ५१ ते ८३ टक्के असू शकतं, त्यामुळे ट्रॅकसाठी ठरावीक प्रमाणाचं रेस फ्युएल घ्या किंवा गाडीत इथेनॉल सेन्सर बसवा.