‘ग्रीन डे’ बदलला तो नेमका केव्हा?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. खालच्या मजल्यावर यंत्रमाग असल्यामुळे गाणी मोठ्या आवाजात ऐकण्याची सवय आहे. माझा थोरला भाऊ ‘ग्रीन डे’ या अमेरिकन पॉप-पंक बँडचा १९९४ चा ‘डूकी’ हा अल्बम प्रमाण मानतो आणि २००४ च्या ‘अमेरिकन इडियट’ला भपका म्हणतो; माझा जीव मात्र त्याच अल्बमवर आहे. हे दोन्ही अल्बम एकाच बँडचे वाटत नाहीत. बँडचा सूर खरोखर बिघडला का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सूर बिघडला नाही, तो हळूहळू रुंदावला. तुम्हा दोघा भावांना हा बदल एकदम झाल्यासारखा वाटतो, कारण मधले तीन अल्बम तुमच्या वादात येतच नाहीत.

बँड बदलल्याची तक्रार तशी ‘डूकी’पासूनचीच आहे. ‘लुकआउट’ ही छोटी कंपनी सोडून बँड ‘रिप्राइज’ या मोठ्या कंपनीकडे गेला, तेव्हा बँड जिथे घडला त्या कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या जुन्या पंक श्रोत्यांना तो द्रोह वाटला. या आक्षेपात तथ्य किती, हे तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणे आधीच्या ‘करप्लंक’मध्ये आहे आणि ‘डूकी’साठी तेच पुन्हा ध्वनिमुद्रित केले आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच आहे, घाईही तीच आहे. फरक इतकाच, की निर्माते रॉब कॅव्हालो यांच्या हाताखाली पूर्वी एकमेकांत मिसळून जाणारे गिटार, बेस आणि ड्रम स्वच्छ वेगळे ऐकू येतात. त्याच अल्बममधील ‘लाँगव्ह्यू’च्या कडव्यांत तर गिटार जवळजवळ गप्प असते आणि माइक डर्न्ट यांचा बेस गाणे पुढे नेतो. (मागांच्या खडखडाटात सर्वांत आधी बेसच बुडतो, म्हणून हे गाणे हेडफोन लावूनच ऐकावे, असा माझा आग्रह आहे.)

१९९५ चा ‘इन्सॉम्नियॅक’ अधिक काळवंडलेला आणि कडक आहे, पण घडण जुनीच. खरे वळण १९९७ च्या ‘निमरॉड’मध्ये येते. त्यातील १८ गाण्यांत कुठे व्हायोलिन आहे, कुठे ब्रासची वाद्ये आहेत, एक गाणे तर शब्दांविनाच आहे. आणि शेवटाकडे ‘गुड रिडन्स’ येते, ज्यात बँडचे गायक बिली जो आर्मस्ट्राँग यांचा आवाज, अकूस्टिक गिटार आणि तंतुवाद्ये एवढेच उरते. हे गाणे त्यांनी ‘डूकी’च्या काळातच लिहिले होते, पण तेव्हा त्या अल्बमच्या रंगात बसणार नाही म्हणून ते बाजूला राहिले. म्हणजे ज्या हळवेपणाला तुमचे बंधू पुढचा भपका समजतात, तो त्यांच्या लाडक्या अल्बमच्या वेळीही या माणसापाशी होताच. तो बाहेर काढायला धीर लागला, आणि मला या बँडविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो याच धीरासाठी.

२००० च्या ‘वॉर्निंग’मध्ये निर्मितीची जबाबदारी बँडने स्वतः घेतली, अकूस्टिक गिटार मध्यभागी आणली आणि वेगाला लगाम घातला. तो पूर्वीइतका खपला नाही, तरी माझ्या मते त्याच्याशिवाय ‘अमेरिकन इडियट’ झालाच नसता. ‘अमेरिकन इडियट’मधील ‘जीझस ऑफ सबर्बिया’ हे ५ भागांचे, ९ मिनिटांहून मोठे गाणे सुटे करून ऐका : वेगवान भाग ‘डूकी’च्या घरातले आहेत आणि मंद, उघडे भाग ‘निमरॉड’ व ‘वॉर्निंग’मध्ये कमावलेले आहेत. नवीन आहे ते या सगळ्यांना एका कथेत ओवणे.

नंतरच्या अल्बममध्ये चढउतार आहेत. २०१२ ची तीन अल्बमांची मालिका मला पसरट वाटते, तर २०२४ चा ‘सेव्हिअर्स’, पुन्हा कॅव्हालो यांच्यासोबत केलेला, बराच आटोपशीर आहे. पण तुमच्या वादासाठी तिथवर जाण्याची गरज नाही. माग बंद असतील अशा एखाद्या संध्याकाळी दोघांनी मिळून ‘निमरॉड’ पहिल्या गाण्यापासून लावावा आणि ‘गुड रिडन्स’ संपेपर्यंत कोणी काही बोलू नये.