मुलगी ‘नॅचरल प्रॉडक्ट केमिस्ट’ व्हायचं म्हणते. त्या आयुष्यात नेमकं असतं काय?

तुमची मुलगी इथेच नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑरगॅनिक घेऊन एमएस्सी आणि पुढे वनस्पतींतल्या रसायनांवर पीएचडी करायचं म्हणते. घरातली मोठी माणसं विचारतात, झाडपाला उकळण्यात कसलं आलंय करिअर? आणि तुम्ही विचारताय, आपल्या देशात या विषयात कुणी अख्खं आयुष्य काढलंय का, आणि घरदार सांभाळून ते कसं गेलं?

मी नागपुरातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवली. माझी पीएचडी बेलाच्या सालीवरची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयुष्य काढलेल्या माणसांत माझ्या मनात पहिलं नाव येतं ते असीमा चॅटर्जी यांचं. जन्म २३ सप्टेंबर १९१७, कलकत्ता. वडील डॉक्टर, त्यांना झाडांची आवड. स्कॉटिश चर्च कॉलेजातून १९३६ साली केमिस्ट्री ऑनर्स, १९३८ साली एमएस्सी, आणि १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाची डीएस्सी, म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट. त्यांचे मार्गदर्शक प्रफुल्लकुमार बोस हे स्वतः याच विषयातले.

त्यांच्याबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं, त्यात सगळीकडे ‘पहिली महिला’ची यादी असते. भारतीय विद्यापीठाची डीएस्सी मिळवणारी पहिली महिला, १९६१ साली विज्ञानातला भटनागर पुरस्कार घेणारी पहिली महिला, १९७५ साली इंडियन सायन्स काँग्रेसची पहिली महिला अध्यक्ष. सगळं खरं आहे आणि मोठंही आहे. २०२३ च्या जानेवारीत हीच सायन्स काँग्रेस आपल्या नागपुरात भरली होती आणि तिच्या विषयातच महिला सक्षमीकरण होतं. मी दोन दिवस तिथे होते. त्यांचं नाव दोन-तीनदा कानावर आलं, प्रत्येक वेळी त्या यादीसकट. बाईंनी कोणता रेणू कुठून काढला, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या कामावरच त्यांची सगळी वर्षं गेली. तुमच्या मुलीला यादी नव्हे, काम कळायला हवं.

तर काम सांगते. बेलापासूनच सुरू करते.

श्रावणी सोमवारी आपण महादेवाला वाहतो तोच बेल. त्याच्या जुन्या झाडाच्या सालीतून असीमाबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक कूमारिन (वनस्पतींत सापडणाऱ्या पदार्थांचा हा एक गट) वेगळं केलं, त्याचं नाव मार्मेसिन. बेलाचं शास्त्रीय नाव एगल मार्मेलॉस, त्यावरून हे नाव. १९४९ सालची ही गोष्ट. आता ‘वेगळं केलं’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. त्यामागे काय असतं ते मी माझ्या स्वतःच्या सालीवरून सांगते.

रामटेककडच्या एका शिवारातून साल आणली होती. आधी वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून झाड तेच आहे ना याची खात्री करून घेतली, फांदीचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवला. हे झालं नाही तर पुढचं सगळं काम वाया. मग साल सावलीत वाळवायची, भरड कुटायची आणि सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात घालून तासन् तास सॉल्व्हंटने, म्हणजे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाने, खेचायची. सॉल्व्हंट उडवल्यावर तळाशी उरतो तो काळपट, चिकट, गुळाच्या काकवीसारखा गोळा. त्यात पन्नास-शंभर पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे करायला काचेच्या लांब नळीत सिलिका जेल भरून कॉलम लावायचा, वरून तो गोळा सोडायचा आणि हळूहळू सॉल्व्हंट ओतत राहायचं. कोणता पदार्थ लवकर खाली येतो, कोणता सिलिकाला धरून बसतो. खाली शंभर-दीडशे छोट्या बाटल्या क्रमाने भरायच्या.

आता हे नागपूरच्या मे महिन्यात करून पाहा! माझं सॉल्व्हंट पेट्रोलियम ईथर, त्याचा ४०-६० हा भाग म्हणजे चाळीस ते साठ अंशांत उकळणारा. बाहेर पारा ४५ वर. कॉलमच्या आतच बुडबुडे धरतात, सिलिकाला आडवी भेग पडते आणि तीन आठवड्यांचं काम दहा मिनिटांत मातीत जातं. माझं दोनदा गेलं. मग मी ६०-८० चा भाग वापरायला लागले आणि पहाटे साडेचारला लॅब उघडून कॉलम लावायचे. कूलर लावायचीही सोय नव्हती, वाऱ्याने सॉल्व्हंट उडतं आणि ईथरजवळ विजेच्या मोटरची ठिणगी नको. नऊ वाजता दिवस संपलेला असायचा.

एका पहाटे बाटली क्रमांक ६१ ते ७४ चे ठिपके टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी, तिच्यावर पदार्थ वेगळे होतात) दिले, प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली, आणि सगळ्या ठिपक्यांचा एकच निळा डाग एका रेषेत चमकला. कूमारिनं अशी निळी चमकतात. त्या चौदा बाटल्या एकत्र केल्या, सॉल्व्हंट उडवलं, पुन्हा स्फटिक केले. चार किलो सालीतून पांढऱ्या सुया निघाल्या ६० मिलिग्रॅम.

तो पदार्थ मार्मेसिनच आहे असा अंदाज होता, पण अंदाजावर भागत नाही. रेणूची रचना दाखवणारं एनएमआर यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुना बाहेरगावी पाठवून कागद यायला अडीच महिने लागले. तोवर दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून खऱ्या मार्मेसिनचे दोन चिमूट स्फटिक मागवले होते. जुनी पद्धत अशी की दोन्ही पदार्थ एकत्र खलून बारीक केशनळीत भरायचे आणि तापवायचे. पदार्थ वेगळे असतील तर मिश्रण लवकर वितळतं, एकच असतील तर द्रवणांक हलत नाही. मी भिंगातून नळीकडे बघत बसले होते. हलला नाही. म्हणजे मला मिळालेला पहिला शुद्ध पदार्थ असीमाबाईंनी माझ्या जन्माआधीच काढून ठेवलेला होता. नवीन काही सापडलं नाही म्हणून मी खट्टू झाले असेन असं वाटेल, पण तसं मुळीच झालं नाही. त्यांनी जे पाहिलं तेच आपण पाहिलं, हा आनंद फार मोठा होता.

आणि त्यांच्या काळात काम याहून कितीतरी कठीण होतं. एनएमआर जवळपास कुणाकडेच नव्हतं. रेणूची रचना काढायची म्हणजे रेणू मोडायचा, तुकडे ओळखायचे आणि त्या तुकड्यांवरून मूळ रेणू कागदावर उभा करायचा. लॅबमध्ये साधनं अपुरी, रसायनं मिळायची मारामार, सरकारी पैसा नगण्य.

त्यांचं सगळ्यांत नावाजलेलं काम इंडोल अल्कलॉइड्सवरचं. अल्कलॉइड्स म्हणजे वनस्पतींतले नायट्रोजन असलेले पदार्थ, शरीरावर बरेचदा जोरदार परिणाम करणारे. सर्पगंधा तुम्ही ऐकली असेल. १९३१ साली सलीमुझ्झमान सिद्दिकींनी दिल्लीत सर्पगंधेतून अजमलीन काढलं आणि हकीम अजमल खानांचं नाव त्याला दिलं. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा सर्पगंधेचा परिणाम इंग्लंडच्या हृदयविकाराच्या जर्नलमध्ये मांडला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतलं रक्तदाब उतरवणारं रेसर्पिन हाती लागलं. याच अल्कलॉइड्सच्या कुळातल्या अजमलिसिनची रचना, आणि त्याच्या अणूंची अवकाशातली मांडणी, असीमाबाईंनी उलगडली. मांडणीचं महत्त्व असं की तेच अणू, त्याच जोडण्या, पण एका ठिकाणी हायड्रोजन वर आहे की खाली एवढ्या फरकाने पदार्थ बदलतो. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जात नाही, तसं. शिवाय रेणूच्या टोकाला दुहेरी बंध आहे का हे ओळखायला त्यांनी परआयोडिक आम्लाची पद्धत वापरात आणली. जिच्या हातात मोठं यंत्र नाही, तिला अशी बाटलीतली परीक्षा म्हणजे डोळेच.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण तो सगळीकडे फिरतोय. सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध असीमाबाईंनी शोधलं असं लिहिलेलं सापडतं. त्यांनी त्या कुळातल्या अल्कलॉइड्सवर बराच अभ्यास केला, हे खरं. पण सदाफुलीतलं कॅन्सरवरचं विनब्लास्टिन वेगळं काढलं ते कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी, १९५८ च्या सुमारास, आणि विनक्रिस्टिन अमेरिकेत एली लिली कंपनीत निघालं. दुसऱ्याचं श्रेय चिकटवून त्यांना मोठं करायची काही गरज नाही. सदाफुली तुमच्याही अंगणात असेल. तिच्या साधारण ५०० किलो वाळलेल्या पानांतून एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळतं. म्हणजे माझे ६० मिलिग्रॅम चैनच होती म्हणायची.

घरच्या बाजूचंही तुम्ही विचारलंय. १९४० साली त्यांनी लेडी ब्रेबोर्न कॉलेजात केमिस्ट्रीचा विभाग उभा केला. १९४७ साली अमेरिकेला गेल्या त्या अकरा महिन्यांची मुलगी आणि तिला सांभाळणारी बाई सोबत घेऊन. आधी विस्कॉन्सिन विद्यापीठ, मग कॅलटेक या संस्थेत झेकमाइस्टर यांच्याकडे, मग झुरिचला नोबेल मिळवलेल्या पॉल कारर यांच्याकडे. तिथेच राहणं सोपं होतं, पण १९५० साली त्या परतल्या. १९५४ पासून कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात, १९६२ ते १९८२ तिथल्या ‘खैरा प्रोफेसर’ या मानाच्या पदावर. पती बरदानंद चॅटर्जी हेही रसायनशास्त्रज्ञ. १९६७ साली वडील आणि पती काही महिन्यांच्या अंतराने गेले, त्या स्वतः हृदयविकाराने आजारी पडल्या, आणि बऱ्या होऊन पुन्हा लॅबमध्ये आल्या. मुलगी पुढे ऑरगॅनिक केमिस्ट्रीचीच प्राध्यापक झाली. १९७५ ला पद्मभूषण, १९८२ ते १९९० राज्यसभा. २२ नोव्हेंबर २००६ ला त्या गेल्या.

झाडपाला उकळण्याबद्दल घरी विचारतात ना, त्यांना हे सांगा. सातवीण, काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोटा या चार वनस्पतींपासून त्यांच्या गटाने हिवतापावरचं औषध तयार केलं. या चारही वस्तू आजही काष्ठौषधीच्या कुठल्याही दुकानात पुडीत बांधून मिळतात. अपस्मारावर आयुष-५६ हे औषध आहे, त्याचा आधार मार्सिलिया ही पाणथळ जागची चार पाकळ्यांसारख्या पानांची वनस्पती. (हे वाचून फिटच्या चालू गोळ्या कुणी बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही.) आजीच्या बटव्यातली वस्तू बाजूला ठेवायची नाही आणि डोळे मिटून घ्यायचीही नाही, तिच्यातलं नेमकं काय काम करतं ते मोजून दाखवायचं, असं त्यांचं काम होतं. सत्येशचंद्र पाकराशींबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा सहा खंडांचा ग्रंथही त्यांनी सिद्ध केला. आमच्या लायब्ररीतल्या त्याच्या प्रती हाताळून मऊ झालेल्या आहेत.

आता तुमच्या मुलीचं. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढली तर पैशाची चिंता बरीच मिटते, गेट ही परीक्षाही द्यावी. पुण्याची एनसीएल, लखनौच्या सीडीआरआय आणि सीमॅप, जम्मूची आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्था डोळ्यासमोर ठेवाव्यात. नागपुरातही फार्मसीच्या आणि विद्यापीठाच्या विभागांत हे काम चालतं. हर्बल औषधांच्या कंपन्यांत एचपीटीएलसीवर (टीएलसीचंच यंत्रावर चालणारं, जास्त अचूक रूप) मालाची तपासणी करणारी माणसं लागतात. नोकरी म्हणून ते चांगलं, पण दिवसभर तीच तपासणी. आज रचना काढायला वर्षं लागत नाहीत. यंत्र एका दुपारी सांगतं की हा पदार्थ आधीच माहीत आहे, आणि तसंच बहुतेक वेळा निघतं. हे सहन होतं का, ते तिने स्वतःला विचारावं. माझ्या विद्यार्थ्यांतले हुशार होते पण धीर नव्हता, ते दोन वर्षांत सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही.

पण हे सगळं ठरवण्याआधी तिने एकदा हात घालून बघावा. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात येतात, संत्रा मार्केटमध्ये सालींचा ढीग फुकट मिळतो. साली वाळवून कुटायच्या आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्यांतला हेस्पेरिडिन हा पदार्थ काढायचा. हे लॅबमध्येच, सरांच्या देखरेखीखाली; घरच्या गॅसजवळ सॉल्व्हंट अजिबात नको. आधी पेट्रोलियम ईथरने साल धुऊन तिचं तेल काढायचं, मग मेथॅनॉलने खेचायचं, ते आटवायचं आणि उरलेल्या पाकात पातळ ॲसिटिक आम्ल घालायचं. मग फ्लास्कचं तोंड झाकून तो एका कोपऱ्यात ठेवायचा, संध्याकाळी, आणि घरी जायचं. रात्रभर हलवायचा नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी लॅब उघडायची, फ्लास्क उजेडासमोर धरायचा आणि तळाशी काय बसलंय ते बघायचं.