रंगीत सुरवंट दिसला तर आधी झाड बघा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सापडलेल्या सुरवंटाचा फोटो पाठवून त्याचं नाव विचारलं गेलंय. फोटो सुरेख आलाय, पण तेवढ्यावरून नाव सांगणं अवघड आहे. तो कुठल्या झाडावर होता? बहुतेक सुरवंट ठरावीक झाडांचीच पानं खातात, त्यामुळे झाड कळलं की निम्मं काम झालं. पानाफुलाचाही फोटो घेत चला.

काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि झाड रुईचं असेल, तर तो बहुधा प्लेन टायगर या फुलपाखराचा. आपल्याकडे रस्त्याकडेला रुई भरपूर, म्हणून हाच जास्त दिसतो. खात्रीसाठी अंगावरचे मिशांसारखे काळे तंतू मोजा. डोक्यामागे एक जोडी, मध्ये एक, शेपटीकडे एक, अशा तीन जोड्या हव्यात. कण्हेरीवर असाच पट्टेरी, पण तांबूस झाक असलेला आणि चार जोड्यांचा सापडला, तर तो कॉमन क्रो या फुलपाखराचा. वरून घेतलेल्या फोटोत तंतू एकमेकांत मिसळतात, म्हणून बाजूनेही एक फोटो हवाच.

रुईच्या चिकातलं विष प्लेन टायगरच्या सुरवंटाच्या अंगात साठतं. तो पक्ष्यांना कडू लागतो, म्हणून एवढ्या भडक रंगात उघड्यावर बिनधास्त चरतो.

केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नका, काहींच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते.

आणि कृपा करून कुठल्याच सुरवंटाला डबीत घालून घरी नेऊ नका. नेलाच असेल तर तो ज्या झाडावर सापडला त्याच झाडाची ताजी पानं रोज द्या. दुसरा पाला तो खाणार नाही, उपाशी मरेल.