डावा डोळा मास्टर निघाला तर?

क्ले शूटिंगमध्ये (हवेत फेकलेल्या चकत्या, म्हणजे क्ले, छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडणं) उजव्या खांद्यावरून मारतोस आणि डावा डोळा मास्टर, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं जास्त ऐकतो तो? घाबरू नकोस मित्रा, हे बऱ्याच जणांचं असतं.

आधी खात्री कर. हात लांब करून पंजांमध्ये छोटं भोक ठेव, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा खांब बघ, मग एकेक डोळा मिट, ज्याला खांब दिसत राहतो तो मास्टर. डावा असला की छर्रे क्लेच्या डावीकडून जातात आणि नवीन माणूस गनला दोष देत स्टॉक (खांद्याला टेकणारा दांडा) बदलायला धावतो, ते नको!

- नवीनच आहेस तर सरळ डाव्या खांद्यावरून शिक, अवघडल्यासारखं होईल पण दोन्ही डोळे उघडे राहतात
- जमतच नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, जिथून बीड (नळीच्या टोकावरचा मणी) दिसतो तेवढ्याच जागी धुरकट टेप, अख्खी काच झाकू नको
- बीडकडे बघायचं नाही, नजर क्लेवरच

लीड (क्लेच्या किती पुढे मारायचं) आणि चोक (नळीच्या टोकाची अरुंदी) नंतर बघू.