प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणलं तर सरकारं टिकतील का?

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला जितकी मतं त्या प्रमाणात जागा, आलं की सरकारं सतत पडतील, मग ही सुधारणा हवीच कशाला, असं तुम्ही विचारलंय. भीती रास्त आहे. पण न्यूझीलंडचा अनुभव बघा.

तिथे १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मतं जास्त पडली, सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला जवळपास २१ टक्के मतं होती आणि ९२ पैकी जागा मिळाल्या फक्त २! मतदारसंघात पहिला आला तो जिंकला, बाकीची मतं वाया, असा नियम असल्यावर दुसरं काय होणार? माझ्या मते हा मतदारांवर उघड अन्याय आहे.

१९९३ च्या सार्वमतात लोकांनी मिश्र पद्धत निवडली. १९९६ पासून मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. सभागृहात पक्षाच्या जागा किती हे पक्षाच्या मतांवरून ठरतं. मतदारसंघांतून कमी पडलेल्या जागा पक्षाच्या यादीतून भरतात. मात्र पक्षाला ५ टक्के मतं किंवा एखादा मतदारसंघ तरी जिंकावा लागतो.

मग सरकारं पडत राहिली का? मित्रपक्षांच्या आधाराने हेलन क्लार्क सलग नऊ वर्षं पंतप्रधान होत्या. २०११ मध्ये पुन्हा सार्वमत झालं, तेव्हाही लोकांनी हीच पद्धत ठेवली.

अडचणी आहेतच. नेदरलँड्समध्ये एका जागेपुरती मतं मिळाली तरी पक्ष संसदेत जातो, त्यामुळे पक्षांची गर्दी होते. २०२१ च्या निवडणुकीनंतर नवं सरकार यायला २९९ दिवस लागले. म्हणून किमान मतांची अट मला आवश्यक वाटते, फक्त ती इतकी चढी नको की नव्या पक्षांना दारच बंद व्हावं.

मला जास्त काळजी आहे ती बंद यादीची. यादीत कोण कितव्या क्रमांकावर हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि वरच्या नावांना मतदार हात लावू शकत नाही. आयर्लंडमध्ये यादीच नाही. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, त्यामुळे एकाच पक्षाच्या दोघांतला कोण हवा हेही तोच ठरवतो. सुधारणेचा कुठलाही मसुदा हाती आला की आधी एवढं तपासा: यादी आहे का, आणि असली तर तिच्यातला क्रम मतदाराला बदलता येतो का.