रीजन्सी काळातल्या प्रेमकादंबरीत रंगेल नायक सुधारतो, ते खरं कधी वाटतं?

नायिका हातची गेली असं वाटत असतानाही तो बदलत राहिला, तर खरं वाटतं. केवळ तिला मिळवण्यापुरता बदलला तर नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये (रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०) नवरा निवडताना झालेली चूक निस्तरायची सोय बाईला जवळपास नव्हतीच. लग्न झालं की तिचा पैसाअडका नवऱ्याच्या ताब्यात जायचा. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल, तर १८५७ चा कायदा येईपर्यंत पार्लमेंटकडून खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि नवऱ्याची नुसती बाहेरख्याली हे बायकोसाठी त्याला पुरेसं कारण धरलं जात नसे. म्हणून मला त्याचे अश्रू आणि कबुलीजबाब फारसे पुरत नाहीत. त्याने जुगाराची देणी फेडली का, अनौरस मुलाची जबाबदारी घेतली का, आणि तिचा पैसा विश्वस्तांकडे सुरक्षित ठेवणाऱ्या विवाहपूर्व करारावर कुरकुर न करता सही केली का, ते मी बघते. ही शंका जुनीच आहे म्हणा: ‘सुधारलेला लंपट उत्तम नवरा होतो’ ही समजूत घातक असल्याचं इंग्रज कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनने आपल्या ‘क्लॅरिसा’ कादंबरीच्या (१७४८) प्रस्तावनेतच बजावलं होतं. अर्थात कादंबरी हलकीफुलकी, विनोदी असेल तर एवढी कडक कसोटी लावू नका. तिथे खुसखुशीत संवादांवरही निभावतं.